झोपेत छातीवर कोणी बसल्यासारखं होतं? कारण शोधायच्या आधी हे नीट कसं टिपायचं

पहाटे सव्वापाचला भाच्याचा फोन आला. तो पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करतो. "मामा, जाग आली पण हलताच येईना, ओरडायला गेलो तर आवाज फुटेना, छातीवर कोणीतरी बसलं होतं." दुपारपर्यंत घरात तीन कारणं तयार झाली. आजी म्हणाली बाहेरचं काहीतरी लागलंय, ताई म्हणाली मेसच्या जेवणाने गॅस झाला असेल, आणि रूममेटने एक रील दाखवून सांगितलं की हे स्लीप पॅरालिसिस आहे, म्हणजे जाग येते पण अंग थोडा वेळ हलत नाही. पुढे रूममेटचं बरोबर निघालं, पण तेव्हा तोही अंदाजच करत होता. कारण तिघांपैकी एकानेही विचारलं नाही की तू उताणा होतास का कुशीवर, किती वाजले होते, आदल्या रात्री किती झोपलास.

हीच चूक मी वर्षानुवर्षं बघतोय. आपल्याला मनात काहीतरी विचित्र जाणवतं, आपण लगेच त्याला नाव देतो, आणि मग जे घडलं ते त्या नावाला साजेसं होत जातं. आठ दिवसांनी विचारलं तर माणूस जे सांगतो त्यात अर्धं घडलेलं असतं आणि अर्धं त्या नावाबरोबर आलेलं असतं, आणि त्याला स्वतःलाही ते वेगळं करता येत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी टिपायचं, मग वर्णन करायचं, मग आजूबाजूची माहिती जमवायची, आणि कारण सगळ्यात शेवटी. मी इथे झोपेतल्या या एकाच अनुभवाबद्दल लिहितोय, पण अचानक धडधड होऊन घाबरायला होणं, कोणीतरी हाक मारल्याचा भास होणं, यालाही हाच क्रम चालतो.

तयारी: हे आधी करून ठेवा

उशाशी एक छोटी वही आणि पेन ठेवा. मोबाईल नको, कारण नोट लिहायला म्हणून उघडलेल्या मोबाईलवर माणूस दोन मिनिटांत "झोपेत छातीवर दाब" असं सर्च करतो आणि तिथून पुढे जे लिहितो ते वाचलेलं असतं, जाणवलेलं नाही. पडल्या पडल्या दिसेल असं घड्याळ हवं. खोलीत दुसरं कोणी झोपत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की मला असं होतं, मी कण्हताना दिसलो तर नावाने हाक मार आणि खांद्याला हात लाव. बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.

दुसरी तयारी लोक हमखास विसरतात. ज्या दिवशी काहीच होत नाही त्या दिवसाचीही नोंद लागते. किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, दुपारी झोपलो का, बस एवढंच, एका ओळीत. फक्त वाईट रात्रीच लिहिल्या तर प्रत्येक वाईट रात्री आधी चहा प्यायलेला दिसेल आणि तुम्ही चहाला दोष द्याल, पण चांगल्या रात्रीही तेवढाच चहा प्यायला होता हे वहीत नसेल.

तपासा: वहीत निदान सात दिवस सलग आहेत का? नसतील तर अजून कारणाकडे जाऊ नका.

टप्पा १: सुटल्यावरची पहिली पाच मिनिटं

शरीर हलायला लागलं की उठून बसा, दिवा लावा. तसंच पडून परत डोळा लागला तर तेच पुन्हा होऊ शकतं. मग कोणाशीही बोलायच्या आधी लिहा. हे आधी-नंतरचं फार महत्त्वाचं आहे, कारण समोरचा पहिलाच प्रश्न विचारतो "कोण होतं?" आणि तुम्ही उत्तर शोधायला लागता.

क्रम असा ठेवा: आधी घड्याळ, मग कसा पडलो होतो, मग अंग, मग डोळ्यांना काय दिसलं, कानाला काय ऐकू आलं, श्वास कसा होता, आणि भीती कधी आली. भीती आधी आली की दाब आधी आला हे जमेल तेवढं लिहा. आठवत नसेल तर "आठवत नाही" असं लिहा. रिकामी जागा भरायची नाही.

किती वेळ चाललं हे मनाने लिहू नका. यातला माणूस हमखास म्हणतो अर्धा तास झाला असेल, पण असे प्रसंग सहसा काही सेकंदांपासून एक-दोन मिनिटांत संपतात, फक्त ती मिनिटं प्रचंड लांब वाटतात. "खूप वेळ वाटला, सुटलो तेव्हा घड्याळात ५:१२" असं लिहिलं की दोन्ही गोष्टी खऱ्या राहतात.

टप्पा २: लिहिलेल्यातून कारण उपसून काढा

हा टप्पा सगळ्यात अवघड, इथे घाई करू नका. आपल्या रोजच्या बोलण्यातल्या क्रियापदांतच कारण दडलेलं असतं. "बसलं" म्हटलं की बसणारा आला. "धरलं" म्हटलं की धरणारा आला. "लागलं", "झपाटलं", "बाहेरचं आहे" यात तर अख्खी गोष्टच आली. आणि शिकल्या-सवरल्यांनी हसायचं कारण नाही, "अ‍ॅटॅक आला", "ट्रॉमा ट्रिगर झाला", "डिप्रेशनमुळे झालं" हीसुद्धा कारणंच आहेत, फक्त इंग्रजी शाळेतली. वर्णन यातल्या कशातच नाही.

भाच्याने पहिल्या दिवशी लिहिलं होतं:

"पहाटे कोणीतरी छातीवर येऊन बसलं आणि गळा दाबत होतं, काळा माणूस होता, मला उठू देत नव्हता."

आम्ही दोघं त्या वाक्यावर तासभर बसलो. मी एकच प्रश्न परत परत विचारला, "हे कळलं कशावरून?" गळा दाबत होतं हे कशावरून, हात लागले का गळ्याला? तर नाही, हात नाही लागले, श्वास पूर्ण घेता येत नव्हता. माणूस होता हे कशावरून, चेहरा दिसला? नाही, दाराकडे काळं काहीतरी होतं आणि कोणीतरी आहे असं आतून वाटत होतं. उठू देत नव्हता म्हणजे? म्हणजे मी उठायचा प्रयत्न करत होतो आणि हातपाय हलत नव्हते. शेवटी वहीत आलं ते असं:

"५:०५ च्या सुमारास. उताणा. डोळे उघडे, खोली ओळखू येत होती, रूममेटची बॅग दिसत होती. हातपाय, मान हलत नव्हती, डोळे फिरवता येत होते. छातीच्या मधोमध दाब. खोल श्वास घ्यायला गेलो तर जात नव्हता. दाराजवळ गडद आकार, चेहरा नाही. खोलीत कोणीतरी आहे अशी पक्की खात्री. आवाज नाही. पायाचा अंगठा हलला आणि एकदम सुटलं."

दोन्ही वाचून बघा. दुसऱ्यात भीती कमी झालेली नाही, "पक्की खात्री" हे शब्द मी मुद्दाम ठेवायला लावले, कारण ती खात्री हाही अनुभवाचाच भाग आहे आणि ती खोडली तर वर्णन खोटं होतं. फक्त जे जाणवलं आणि जे त्यातून काढलं, ते वेगळं झालं. आणि पुढे डॉक्टरला उपयोगी पडणारी सगळी माहिती, म्हणजे डोळे फिरत होते, खोली ओळखू येत होती, अंगठा हलल्यावर सुटलं, ही पहिल्या वाक्यात नव्हतीच.

सावध: लोक उलटी चूकही करतात. सगळं काढून टाकून "श्वसनास अडथळा जाणवला" असं रिपोर्टसारखं लिहितात. आपलेच शब्द वापरा. "घशातून आवाज फुटेना" हे उत्तम वर्णन आहे.

टप्पा ३: सकाळी आजूबाजूची माहिती

ही चहा घेताना लिहिली तरी चालते. आदल्या दोन रात्री किती तास झोप, दुपारची झोप, रात्रपाळी किंवा जागरण, परीक्षा किंवा घरातलं टेन्शन, दारू, ताप, कुठली नवीन गोळी सुरू झाली किंवा बंद झाली का. प्रवास झाला असेल तर तोही. बस, यावर फार वेळ घालवू नका, पण रोज करा.

टप्पा ४: दुसऱ्याला होत असेल तर विचारायचं कसं

घरातलं पोर किंवा आई-वडील सांगत असतील तर तुमचा प्रश्नच त्यांची आठवण बदलू शकतो. हे मी अंदाजाने म्हणत नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेगाबद्दल विचारताना फक्त क्रियापद बदललं. काहींना विचारलं गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. साधं "धडकल्या" ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, आणि चुराड्याचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६. एका क्रियापदाने एवढं होतं, तर पहाटे घाबरलेल्या दहा वर्षांच्या मुलीला "कोण होतं गं? बाई होती का? केस मोकळे होते का?" असं विचारल्यावर काय होत असेल याचा विचार करा.

म्हणून असं विचारा: "काय झालं ते पहिल्यापासून सांग." मग गप्प बसा. थांबली तर "मग?" एवढंच. तिने जो शब्द वापरला तोच वापरून पुढचा प्रश्न, तुमचा शब्द घालायचा नाही. "कोण" विचारू नका, "काय" विचारा. हो-नाही उत्तराचे प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि तेही दोन्ही बाजूंनी, म्हणजे "हात हलत होते की नव्हते?"

सावध: घरातल्या चौघांनी एकदम विचारू नका, आणि ऐकताना "अगं बाई!" करू नका. मूल तुमचा चेहरा बघत सांगत असतं आणि तुम्ही जिथे दचकता तो भाग पुढच्या वेळी मोठा होतो.

टप्पा ५: नाव द्यायच्या आधी दुसरं काही नाही ना हे बघा

आता वही उघडा आणि हे एकेक पडताळा.

हातपाय हलत होते, घाबरून उठून बसता आलं, धडधड आणि घाम होता, तर तो झोपेतून उठवणारा पॅनिक अ‍ॅटॅक असू शकतो. झोपेतच स्वप्न पडलं आणि जाग आल्यावर लगेच हलता आलं, तर ते वाईट स्वप्न. मूल रात्रीच्या पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळून उठतं, ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तर तो वेगळा प्रकार आहे, त्याला नाईट टेरर म्हणतात. घोरणं मोठं आहे, श्वास थांबून दचकून जाग येते आणि दिवसभर पेंगायला होतं, तर स्लीप अ‍ॅप्नियासाठी दाखवा.

डॉक्टरकडे जायला उशीर करू नये अशा गोष्टी:

१. जाग आल्यावरही एका बाजूचा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं. इथे वही-बिही काही नाही, लगेच हॉस्पिटल, हा लकवा असू शकतो.
२. छातीतलं दुखणं हलता यायला लागल्यावरही चालूच आहे, हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय. हेही लगेच.
३. झोपेत झटके, जीभ चावली जाणं, अंथरुणात लघवी होणं. फिट असू शकते.
४. हातपायातली ताकद काही तास परत येत नाही, खासकरून भरपूर भात-गोड खाल्ल्यावर किंवा दमणूक झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी. रक्तातलं पोटॅशियम तपासावं लागतं.
५. दिवसा कुठेही झोप अनावर होते आणि खळखळून हसलं की गुडघे ढिले पडतात किंवा मान लटकते. ही नार्कोलेप्सीची खूण असू शकते, त्यासाठी रात्रभराची आणि दुसऱ्या दिवशीची झोपेची तपासणी असते.

तपासा: यातलं काहीच लागू नाही, पूर्ण जाग होती, अंग जखडलं होतं आणि दोन-चार मिनिटांत काही मागे न राहता सुटलं? मग पुढे चला.

टप्पा ६: आता कारण, आणि तेही वहीशी जुळवून

शरीरात होतं ते असं. रात्रभर झोपेची आवर्तनं चालतात, एक साधारण दीड तासाचं. प्रत्येकात एक स्वप्नांचा भाग असतो, त्याला रेम झोप म्हणतात, आणि पहाटेकडे तो लांबत जातो. या वेळात मेंदू हातापायाचे स्नायू जवळजवळ बंद ठेवतो, डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू सुटायला थोडा उशीर होतो. झोप लागताना उलटंही होतं. त्या मधल्या वेळात डोळे उघडे आणि स्वप्नही अजून संपलेलं नाही, त्यामुळे खरी खोली आणि स्वप्नातला आकार एकत्र दिसतात. श्वास आपोआप उथळ चालू असतो, पण तुम्ही मुद्दाम खोल घ्यायला जाता तेव्हा छातीचे स्नायू ऐकत नाहीत, आणि तेच ओझ्यासारखं जाणवतं. धोका हेरणारा मेंदूचा भाग रेममध्ये जोरात चालू असतो, म्हणून "कोणीतरी आहे" ही खात्री चेहरा दिसायच्या आधीच येते.

आता प्रत्येक वाक्य वहीतल्या ओळीला लावून बघा. भाच्याचं जुळलं: वेळ पहाटेची, डोळे फिरत होते, खोल श्वासच अडला, चेहरा नव्हता. सहा नोंदींपैकी पाच वेळा उताणा, आणि सहाही वेळा आदल्या रात्री अभ्यासिकेतून दीडनंतर येऊन साडेपाच-सहाचा अलार्म लावलेला. झोप तुटलेली आणि उताणं झोपणं, ही दोन्ही कारणं यात सगळीकडे सापडतात. दुर्मीळ तर हे अजिबातच नाही. २०११ मध्ये ३५ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के जणांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं होतं.

आकाराला चेहरा मात्र आपापल्या गावचा मिळतो. कॅनडात न्यूफाउंडलंडला म्हातारी येऊन बसते, जपानात याला कानाशिबारी म्हणजे धातूने जखडल्यासारखं म्हणतात, आपल्याकडे पिंपळ जवळ असेल तर मुंजा येतो. हे आजीला सांगताना तिला खोटं पाडू नका. छातीवर दाब येतो, हलता येत नाही, कोणीतरी आहे असं वाटतं, हे तिचं वर्णन शब्दशः बरोबर आहे आणि तिच्या पिढीने ते नीट टिपलंय. वाद फक्त शेवटच्या वाक्याचा आहे. मी आईला एवढंच म्हटलं, "तू सांगतेस ते सगळं त्याला झालंय, आता का झालं ते महिनाभर बघू." तिने ऐकलं.

सावध: भूत उतरवतो म्हणून कोणी मारझोड करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घाबरलेल्या पोराला तिकडे नेऊ नका.

टप्पा ७: कारण बरोबर आहे का हे तपासायचं

इथे सगळे घसरतात. झोपेची वेळ बदलली, चहा बंद केला, खोली बदलली, मनगटाला धागा बांधला, सगळं एकाच आठवड्यात, आणि मग थांबलं तर कशाने थांबलं? शिवाय माणूस उपाय करायला धावतो तेव्हा त्रास सगळ्यात जास्त असतो, आणि हा त्रास लाटेसारखा येतो आणि आपोआप ओसरतो. त्यामुळे त्या आठवड्यात काहीही केलं तरी गुण आल्यासारखा वाटतो, अंगारा असो नाहीतर महागडी सप्लिमेंट.

म्हणून एकावेळी एकच बदल आणि तो निदान तीन आठवडे. पहिला बदल झोपेच्या वेळेचा करा, रोज ठरलेल्या वेळी पडायचं आणि उठायचं, रविवारीसुद्धा, आणि सात तास पुरे होतील असं. दुसरा, कुशीवर झोपायचं. रात्री माणूस वळतोच, म्हणून पाठीशी उशी लावा. बदलाच्या आधी वहीत एक ओळ लिहून ठेवा: "कारण बरोबर असेल तर पुढच्या तीन आठवड्यांत कमी व्हायला हवं, झालं नाही तर मी माझं मत बदलीन." ही ओळ आधी लिहिलेली नसेल तर नंतर आपण सोयीचा अर्थ लावतोच.

मधेच परत झालं तर जोर लावून उठायला जाऊ नका, त्याने भीती वाढते. श्वास आपोआप चाललाय हे स्वतःला सांगा आणि पायाचा अंगठा किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा, बऱ्याच जणांना याचा उपयोग होतो.

तीन-तीन आठवड्यांचे दोन बदल करूनही आठवड्यातून एकदा तरी होतच असेल, झोपायचीच भीती बसली असेल, किंवा मागे काही वाईट प्रसंग घडलाय आणि तेव्हापासून हे सुरू झालंय, तर मानसोपचार किंवा झोपेच्या डॉक्टरला दाखवा. नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस ही फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असते. डॉक्टरसमोर वही उघडून वाचायला बसू नका, त्यांच्याकडे वेळ कमी असतो. एका कागदावर पाच ओळी न्या: कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, एका प्रसंगाचं टप्पा २ मधलं वर्णन, झोपेच्या वेळा, आणि काय बदललं तर काय झालं. स्लीप पॅरालिसिस हा शब्द तुम्ही लिहू नका, तो त्यांना ठरवू द्या.

भाच्याने आधी झोपेची वेळ बदलली, अभ्यासिकेतून साडेअकराला निघायला लागला. पहिल्या तीन आठवड्यांत एकदा झालं, तेही दुपारी, मेसहून येऊन उताणा पडला होता तेव्हा. ते वहीत आहे. अजून कुशीवर झोपायचा बदल करून बघायचा राहिलाय, तो सोमवारपासून.